भामाआक्कांचा अर्ज

भामाआक्कांना पडलेली मतं मला पाठ आहेत. पहिल्या निवडणुकीत अकरा, शेवटच्या निवडणुकीत एकोणचाळीस. मधल्या निवडणुकीत त्यांच्या नावापुढं आकडाच नाही, कारण तेव्हा त्यांनी अर्ज मागं घेतला. त्यांनी तो मागं घ्यावा म्हणून ज्यानं कागद लिहिला, तो मी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस, राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झालेला.

आक्का जाऊन दीड वर्ष झालं. ग्रामपंचायतीची पुढची निवडणूक अजून लांब आहे, तरी पारावर आतापासूनच 'पुढच्या वेळी पुन्हा बिनविरोध करू' अशी भाषा सुरू झाली आहे. ती कानावर आली की मला एका जागी बसवत नाही. दुकान उघडं टाकून उगाच गावाच्या शिवेपर्यंत जाऊन येतो. परत येऊन बसलो की पुन्हा तेच. म्हणून हे लिहायला घेतलं.

आमचं गाव भूम तालुक्यात, माळरानाच्या कडेला. ह्या भागात पाऊस कमी, पण दूध बरं, म्हणून गावोगाव खव्याच्या भट्ट्या. आक्कांची भट्टी आमच्या माळवस्तीच्या तोंडालाच होती. मोठी लोखंडी कढई, खाली बाभळीची लाकडं आणि हातात लांब दांड्याचं उलथनं. खव्याचं दूध ढवळायचं थांबवलं की बुडाला लागतं, आणि लागलं की सगळी कढई वाया. पस्तीस वर्षं ढवळून आक्कांचा उजवा दंड डाव्यापेक्षा जाड झाला होता. भट्टीपासून लांब असल्या तरी तो हात थांबायचा नाही. लग्नाच्या मांडवात बसल्या, एसटीत बसल्या, तरी मांडीवर बोटं गोल गोल फिरत राहायची. त्यांच्या शेजारी बसलेल्या माणसालाही मग स्वस्थ बसवायचं नाही.

सरळ सांगतो, आक्का गोड बाई नव्हत्या. कुणी दुधात पाणी घालून आणलं, तर त्या माप घेता घेता सगळ्यांसमोर म्हणायच्या, "आज म्हशीनं पाणी लई पिलंय वाटतं." आणणारा दुसऱ्या दिवशी एक तर चोख दूध आणायचा, नाहीतर दुसरी भट्टी धरायचा. त्यांना दोन्ही चालायचं.

मला त्यांनी नावानं कधी हाक मारली नाही. निकाल लागला त्या दिवसापासून मी 'बीए' झालो. "ए बीए, हिकडं ये. ह्या औषधावर काय लिवलंय?" त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मला शेवटपर्यंत उलगडलं नाही.

कुणी काही मोठं सांगायला लागलं की आक्का पूर्ण ऐकून घ्यायच्या आणि मग एकच विचारायच्या, "आटल्यावर किती ऱ्हातंय?" पुढारी येऊन तासभर भाषण करून गेला, की हाच प्रश्न. वस्तीतल्या एका पोरीला पुण्याचं स्थळ आलं, मुलाचा पगार ऐकून सगळे हरखले. आक्कांनी खोलीचं भाडं काढलं, गाडीचा हप्ता काढला, गावाकडं पाठवायचे पैसे काढले, आणि तोच प्रश्न. पोरीच्या आईला राग आला. लग्न झालं ते झालंच, पण पोरीनं जाताना शिलाई मशीन बरोबर नेली, आणि ती आक्कांनी न्यायला लावली होती.

माझंही तसंच. बी.ए. झाल्यावर दोन वर्षं मी भरतीचे अर्ज भरत फिरत होतो. एवढं शिकून पायी फिरणं बरं दिसत नाही, म्हणून हप्त्यावर मोटारसायकल घ्यायचं माझ्या मनात आलं. आक्कांनी विचारलं, गाडीवर बसून जाणार कुठं? त्या म्हणाल्या, साध्या दाखल्यासाठी लोकांना तालुक्याला जावं लागतं, दिवस मोडतो. तू छापायचं मशीन घे, लोक तुझ्याकडं येतील. मला ते झोंबलं. पदवीधरानं झेरॉक्स काढत बसायचं? आठ महिने मी त्यांच्या भट्टीकडं फिरकलो नाही. मग जुना प्रिंटर घेतला. आज फाट्यावर माझं सेवा केंद्र आहे, आणि घरातली चार माणसं त्यावर जेवतात. हे मी आक्कांना तोंडावर कधी बोललो नाही.

गुंतवणुकीबद्दल त्यांचं मत ठाम होतं. जी वस्तू सकाळी उठून बघता येत नाही, तिच्यात पैसा घालायचा नाही. मी एकदा त्यांना शेअर बाजार समजावून सांगितला होता. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि त्या म्हणाल्या, असंल चांगलं, पण मला ते दिसत न्हाय. नाती जन्मल्या तेव्हा त्यांनी प्रत्येकीच्या नावानं एक पाट बांधली. पाट म्हणजे तरणी शेळी. बांधावर चिंचा लावल्या. बाकीचं पोस्टात.

ह्यावरूनच शेळ्यांच्या कंपनीची गोष्ट. आमच्या जिल्ह्याची काळी शेळी नावाजलेली. तिच्या नावावर एक कंपनी गावात आली. तुम्ही शेळीचे पैसे भरायचे, शेळी कंपनीच्या फार्मवर राहणार, दर महिन्याला तुम्हाला परतावा. गळ्यात टाय घातलेला एजंट माझ्याच दुकानात बसून फॉर्म भरून घ्यायचा. माहितीपत्रक मी लोकांना वाचून दाखवलं. आमच्या आण्णांनी, म्हणजे वडिलांनी, तीन शेळ्या घेतल्या. प्रत्येकाला प्लास्टिकमध्ये बंद केलेलं प्रमाणपत्र मिळायचं, त्यावर नंबर आणि आपल्या शेळीचा फोटो.

आक्कांनी काही घेतलं नाही, पण आण्णांचं प्रमाणपत्र बघायला मागितलं. बघितलं. मग शेजारच्याचं मागितलं. मग त्या वस्तीवर घरोघर हिंडल्या आणि पंधरा-वीस प्रमाणपत्रं घेऊन माझ्या दुकानात आल्या.

"बीए, ही सगळी एकच शेळी हाय."

मी म्हणालो, आक्का, काळी शेळी सगळी सारखीच दिसते.

"तुला सगळी बीए सारखी दिसत्यात का?" त्या म्हणाल्या. मग बोट ठेवून दाखवलं. डाव्या कानाला बारीक चीर. डोळ्याच्या वर चार पांढरे केस. प्रत्येक फोटोत. एका फोटोत तोंड उजवीकडं, एका फोटोत डावीकडं, शेळी तीच. शहरातल्या ज्या माणसानं ते फोटो छापले, त्याला वाटलं असेल की काळ्या शेळीला चेहरा नसतो. शेळ्यांमागं वाढलेल्या आमच्या अख्ख्या गावाला तो चेहरा दिसायला हवा होता. पण आम्ही नंबर बघत बसलो होतो.

आण्णांनी त्याच आठवड्यात जाऊन मुद्दल काढून आणलं. आणखी पाच-सहा जणांनी आणलं. बाकीचे म्हणाले, ही भट्टीवरची बाई आम्हाला शिकवणार का? पुढच्या महिन्यात कंपनीच्या ऑफिसला कुलूप होतं. बुडालेली माणसं कंपनीपेक्षा आक्कांवर जास्त चिडली. आक्कांना आधीच कळलं होतं, हाच त्यांचा गुन्हा.

आता निवडणुकीचं सांगतो. आमच्या गावात जुनी रीत आहे. निवडणूक लागली की देवळाच्या सभामंडपात बैठक बसते आणि पदांची बोली होते. सरपंचपदाची वेगळी, प्रत्येक वॉर्डातल्या जागेची वेगळी. जो जास्त वर्गणी देईल त्याचा अर्ज राहतो, बाकी कुणी भरत नाही. वर्गणी देवळाच्या कामाला. कायद्यात हे बसत नाही, म्हणून कागदावर काही नसतं. गावाला मात्र ह्याचा अभिमान. आमच्यात भांडण नाही, आमच्यात खर्च नाही, आमचं गाव एकोप्याचं. बोली पुकारायचे तात्या. देवळाच्या समितीचे प्रमुख. आवाज मोठा, बोलणं लोण्यासारखं.

मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला होतो, तेव्हा आक्का कधी नव्हे ते आमच्या घरी आल्या. त्यांनी वॉर्ड तीनचा अर्ज मला भरायला सांगितला. मला वाटलं, चेष्टा करतायत. वॉर्ड तीन म्हणजे आमची माळवस्ती. बोली होऊन जागा ठरलेली होती.

मी विचारलं, आक्का, तुम्ही निवडून येणार का?

"निवडून कशाला? मला भट्टी सोडून मिटिंगला बसायला वेळ हाय का?" मग त्या माझ्याकडं बघत थांबल्या, मी समजून घेतो का ते बघत. "हे बघ. पाच वर्सात एकदा तो माणूस वस्तीवर येतो, दारात उभा ऱ्हातो आन् इचारतो, काय पायजे. मतं मागायची असत्यात म्हणून इचारतो. बोलीत जागा घेतली तर त्याला आमच्या दाराची गरज काय? म्या अर्ज ठिवला तर त्याला यावं लागंल. एवढंच."

तीन वर्षं राज्यशास्त्र शिकलो. परीक्षेत लोकशाहीवर दहा-दहा मार्कांची उत्तरं लिहिली. एवढं सोपं मला कुणी सांगितलं नव्हतं.

तात्या आधी मामांकडं गेले. मामा म्हणजे आक्कांचे मालक, फारच कमी बोलणारा माणूस. तात्यांनी त्यांना घरातल्या बाईला समजवा म्हणून सांगितलं. मामा म्हणाले, "मला इचारून भरला न्हाय तिनं. तुमी इचारून बघा." मग वस्तीवर निरोप फिरला आणि आक्कांच्या भट्टीचं दूध बंद झालं. आमच्या आण्णांनीही बंद केलं. आक्का शेजारच्या गावातून दूध आणायच्या, टेम्पोचं भाडं भरून. पंधरा दिवसांनी सगळ्यात आधी परत आलं ते तात्यांच्या घरचंच दूध, कारण दुसरी भट्टी दर कमी देत होती. आक्कांनी ते काही न बोलता मापलं.

चिन्ह मिळालं कपबशी. आक्का म्हणाल्या, बरं झालं, निदान दुधाची हाय.

आणि तात्यांचा उमेदवार वस्तीवर आला. दोनदा आला. लोकांनी खांबावर दिवे मागितले, ते मतदानाच्या आधी लागलेसुद्धा. आक्कांना अकरा मतं पडली. घरातली चार सोडली तर सात. आम्ही पोरांनी अंदाज बांधायला सुरुवात केली, हे सात कोण. आक्कांनी आम्हाला गप्प केलं. म्हणाल्या, मला कळायला नको, कळलं तर मी त्यांच्याशी वेगळं वागंन.

त्या सातांत मी नव्हतो. अर्ज मी भरला, चिन्हाची चिठ्ठी मी लिहिली, आणि मत आण्णांनी सांगितलं तिकडं दिलं. आक्का मला शेवटपर्यंत त्या सातांतलाच समजल्या का, माहीत नाही. विचारायची सोय त्यांनी ठेवली नव्हती.

दुसऱ्या निवडणुकीपर्यंत माझं सेवा केंद्र उभं राहिलं होतं आणि गाव मला 'सर' म्हणायला लागलं होतं. तेव्हा गावात नळाच्या पाण्याची योजना मंजूर झाली होती. माळवस्ती उंचावर, तिथं पाईप न्यायचा की नाही ह्यावर सगळं अडलेलं. आक्कांनी अर्ज भरला. माघारीच्या दिवशी सकाळीच तात्या भट्टीवर आले, बरोबर दोन माणसं. अर्ज मागं घ्या, पहिल्या वर्षात वस्तीवर पाईप येईल, देवाच्या साक्षीनं सांगतो.

आक्का ढवळत होत्या. म्हणाल्या, "देव ग्रामपंचायतीच्या मिटिंगला येत न्हाय, तात्या."

तिथं मी होतो. आणि मला वाटलं, ही माझी वेळ. मी म्हणालो, तोंडी कशाला, कागदावर घेऊ. तात्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, शिकलेलं पोरगं गावात असल्याचा हा फायदा, लिही बाबा, तुझ्या शब्दाबाहेर आम्ही नाही. मी फुगलो. दुकानात जाऊन स्टॅम्प पेपर आणला, छान भाषेत लिहिलं, की भामाबाईंनी उमेदवारी मागं घेतल्यास खाली सह्या करणारे एका वर्षात माळवस्तीवर नळ आणून देतील. तात्यांनी न वाचता सही केली. न वाचता सही करणाऱ्या माणसाबद्दल तेव्हाच शंका यायला हवी होती.

आक्कांनी कागद हातात धरला. उलटा की सुलटा, त्यांना फरक नव्हता. मला विचारलं, "हे चालतंय का रं?"

मी म्हणालो, "स्टॅम्प हाय आक्का. चालतंय म्हणजे काय, पळतंय."

त्यांनी उलथनं सुनेच्या हातात दिलं आणि माझ्या गाडीवर बसून तहसीलला आल्या. तीन वाजायच्या आत अर्ज मागं. वॉर्ड तीनमध्ये तात्यांचा पुतण्या बिनविरोध निवडून आला. आम्ही परत येताना आक्का रस्ताभर एक शब्द बोलल्या नाहीत. मला वाटलं, समाधान असेल.

पाईप देवळापर्यंत आला. देवळामागं टाकी झाली. तिथून वस्ती दिसते, हाकेच्या अंतरावर. तिथंच काम थांबलं. वर्ष झालं, सव्वा वर्ष झालं. पुतण्या वस्तीवर एकदाही आला नाही. कागद घेऊन मी तालुक्याच्या कोर्टात एका वकिलांकडं गेलो. त्यांनी तो वाचला, उठून दार लावलं, आणि मला विचारलं, हे कुणी लिहिलं? मी छाती काढून सांगितलं की मी लिहिलं.

ते म्हणाले, कुठं दाखवू नका. अर्ज मागं घेण्याच्या बदल्यात काही कबूल करणं गुन्हा, तसं घेणंही गुन्हा. तात्या अडकतील, बाईही अडकतील, आणि लिहिणारा आधी.

तिथून गावापर्यंत कसा आलो ते मला आठवत नाही. आक्का भट्टीवर होत्या. मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. त्यांचा हात तेवढा वेळ फिरतच होता.

"म्हंजे त्यो कागद आमच्याच गळ्यात," त्या म्हणाल्या.

मी मान हलवली.

"अर्धी चूक तुझी. अर्धी माझी. दूध न बघता म्या कढईत वतलं." मग त्यांनी हात पुढं केला, माझ्याकडून कागद घेतला, वाकून जळत्या लाकडांत सारला आणि पुन्हा उभ्या राहून ढवळायला लागल्या. मला जा म्हणाल्या नाहीत, बस म्हणाल्या नाहीत.

पुढची साडेतीन वर्षं आक्का प्रत्येक ग्रामसभेला गेल्या. बहुतेक वेळा बायकांत त्या एकट्याच. विचारायच्या एकच, "पाईप कुठवर आलाय?" ग्रामसेवक हसून पुढचा विषय घ्यायचा. आक्का म्हणायच्या, म्या इचारलंय ते लिवा, मग अंगठा देते. लिहिल्याशिवाय अंगठा नाही. लिहिलं की मला बोलवून वाचून घ्यायच्या. मला बोलवायच्या, हे महत्त्वाचं. दुसरं कुणी असतं तर माझ्या अक्षरावरचा विश्वास त्या दिवशीच जळाला असता.

पाणी आणायला वस्तीमागून जवळची वाट होती. आक्का देवळासमोरून जायला लागल्या. डोक्यावर दोन घागरी, पारावर बसलेल्या माणसांच्या पुढून, सावकाश. तात्या पारावरून उठून आत जायचे.

तोवर धुरानं त्यांची छाती धरली. डॉक्टरांनी भट्टीपासून लांब राहायला सांगितलं. मुलानं गॅसची शेगडी बसवली. आक्का दाराजवळ बाजेवर बसून त्याला ओरडायच्या, बुडाला लागंल, बुडाला लागंल. हात बाजेवर फिरत असायचा.

तिसरी निवडणूक आली. मी त्यांचा अर्ज भरला, ह्या वेळी प्रत्येक शब्द दोनदा वाचून. माघारीच्या दिवशी आक्का म्हणाल्या, मला घरात बसवू नका, घरात माणूस नरम पडतं. म्हणून मी त्यांना सकाळीच तहसीलला नेलं. आवारातल्या लिंबाखाली त्या बसल्या, जिथं येणारा-जाणारा प्रत्येक जण त्यांना बघेल.

तात्या दोनदा आले. पहिल्यांदा तब्येतीची चौकशी करून गेले. दुसऱ्यांदा दुपारी दोनच्या पुढं, पुतण्याला बरोबर घेऊन. तात्या खाली मातीत बसले, आक्कांच्या समोर.

"आक्का, झालं गेलं सोडा. हा पोरगा अर्ज मागं घेतो. तुमीच व्हा बिनविरोध. वॉर्ड तीन तुमचा. पाईप तुमीच मंजूर करून न्या."

गावाला बिनविरोधचं नाव टिकवायचं होतं, त्यासाठी एक जागा सोडायला ते तयार झाले होते. ही थाप नव्हती. पुतण्याच्या हातात माघारीचा भरलेला अर्ज होता, मी स्वतः बघितला. सही करून आत द्यायचा, एवढंच. मी आक्कांच्या कानाशी वाकलो. आक्का, घ्या. ह्यात कागद नाही, कबुली नाही, फसवणूक नाही. उद्या तुम्ही मेंबर. पाईप येईल.

आक्कांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. बी.ए. होऊन किती वर्षं झाली ते मोजत असल्यासारखं.

"आन् मग वस्तीवर इचारायला कोण येईल?"

मी म्हणालो, तुम्हीच तर असाल तिथं.

"मी बी न्हाय इचारणार. मला बी गरज न्हाय पडणार कुणाची." मग त्या तात्यांकडं वळल्या. "तात्या, पोराला सांगा, मत मागायला ये. माझ्या दारात बी ये म्हणावं. मी बी जाईन त्याच्या दारात. त्येला द्यायचं का न्हाय ते बघू."

तात्या तीन वाजेपर्यंत तिथंच बसून राहिले, उठले नाहीत. खरं सांगायचं तर मला आक्कांचा राग आला होता. आजही थोडा आहे. तो पाईप त्या दिवशी हातात होता. आक्का पडल्या, एकोणचाळीस मतं घेऊन. पुतण्यानं मतं मागताना शब्द दिला होता तसा वस्तीवर पाईप आणला, पण अर्ध्या वस्तीपर्यंतच. वरची नऊ घरं अजून घागरी भरतात. आक्का मेंबर झाल्या असत्या तर नऊ घरं राहिली असती का, हे मी किती वेळा स्वतःला विचारलं आहे. कधी वाटतं नसती राहिली. कधी वाटतं, मग त्या नऊ घरांत कुणी गेलंच नसतं, आणि ती नऊ आहेत हेसुद्धा आपल्याला कळलं नसतं. दोन्हीकडून विचार करतो आणि दोन्हीकडून अडतो.

त्यानंतरच्या पावसाळ्यात आक्का गेल्या. शेवटचे महिने दवाखाना, लेकीचं घर, पुन्हा दवाखाना. तिथली आक्का मला आठवायची नाही. मला दिसते ती त्या शेवटच्या माघारीच्या दिवसाची संध्याकाळ.

ऊन उतरलं होतं. आक्का दारातल्या बाजेवर, मी उंबऱ्यावर. खालून तात्या आणि पुतण्या वस्तीवर चढून येताना दिसले. पाच वर्षांत पहिल्यांदा. पांढऱ्या कपड्यांतला तो पोरगा आक्कांसमोर येऊन उभा राहिला, वाकला, पायांना हात लावला. तात्यांनी त्याला मागून ढोसलं.

"आक्का," तो म्हणाला, "काय पायजे तुमाला? सांगा."

आक्कांनी त्याला वरून खालपर्यंत बघितलं. मग हात उचलून समोरच्या घराकडं बोट केलं. ते घर उसतोडीला जाणाऱ्या एका बाईचं, पत्र्याचं, दार एवढं खाली की माणसाला मान वाकवल्याशिवाय आत जाता येत नाही.

"मला नगं इचारू. तिला इचार."

तो गेला. मान वाकवून आत शिरला. आतून बाईचा आवाज आला, आधी बारीक, मग मोठा, मग बराच वेळ. तो बाहेर आला, तेव्हा कपाळाला घाम होता. त्यानं आक्कांकडं बघितलं. आक्कांचा हात तसाच वर होता, आणि आता तो पुढच्या दाराकडं दाखवत होता.